भिडूनं खोकलायचं नाही

उभ्या तुमसर तालुक्यात पत्त्याच्या डावावर माझ्या मामासासऱ्यांएवढी दहशत कुणाचीच नसेल, आणि तीही विरोधकांपेक्षा स्वतःच्या भिडूला जास्त. हा भिडू गेली अठरा वर्षं मी आहे. रविवारी मी भंडाऱ्याहून सिहोऱ्याला जातो आणि दुपारी त्यांच्या ओसरीवर मेंढीकोट बसतो. विरोधात निवृत्त गुरुजी आणि तलावात जाळं टाकणारा शामराव. चार दश्श्या, म्हणजे मेंढ्या, आपल्याकडे ओढायच्या, एवढाच खेळ. धानाच्या बांधीत मामाजी कुणाला अरे म्हणत नाहीत, पण हातात तेरा पानं आली की मी कचेरीतल्या साहेबालाही जितका घाबरत नाही तितका त्यांना घाबरतो. शामरावशी मासोळ्यांवरून वाद घालता घालता, दारातल्या गाईला हाकलता हाकलता पडलेलं प्रत्येक पान त्यांच्या डोक्यात राहायचं. डाव संपला की झडती सुरू. "जवाईबापू, चवथ्या हाताले किलवरची सत्ती काहून टाकली?" मला तर चौथा हात झाल्याचंही आठवत नसे.

एकदा मामींनी आत मिरच्या भाजल्या आणि मला ठसका लागला. नेमकी तेव्हा बदामाची मेंढी खाली पडली होती. मामाजींनी पानं पालथी ठेवली. "भिडूनं खोकलायचं नाई. इशारे करून जितण्यापरीस हारलेलं बरं." मिरचीचं कारण चाललं नाही. ती अख्खी दिवाळी मी डावाबाहेर बसून काढली. तेव्हापासून त्यांच्या अंगणात पाऊल टाकण्याआधी मी तोंडात लवंग धरतो.

गेल्या दसऱ्याला मी जिंकलेल्या हातावर मामाजींनी हुकूम मारला. स्वतःच्याच भिडूवर! शामराव खो खो हसला. मामाजी हसले नाहीत. त्यांच्या उजव्या हातातली पानं बारीक थरथरत होती आणि ते आमच्या तोंडांकडे पाहत होते. त्या दिवशी झडती झाली नाही. मला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं, पण दुसऱ्याच दिवशी मी नागपूरला डॉक्टरांची वेळ घेतली.

नागपूरच्या डॉक्टरबाईंनी कंपवाताची सुरुवात सांगितली. मग मेंदूला कामाला लावून त्याचे फोटो काढायचे ठरले. भल्या मोठ्या यंत्रात आडवं पडायचं, डोळ्यांसमोर एकेक आकडा येतो, दोन आकड्यांआधीचाच पुन्हा आला तर बटण दाबायचं. मामाजी बाहेर आले ते घामाघूम. "पत्तेच खेळवून राहिले ना बाई," ते म्हणाले, "पन मले पान दिसे आन निंगून जाये." बाईंनी पडद्यावर दाखवलं. अशा कामाच्या वेळी मेंदूचा जो पुढचा भाग उजळायला हवा, तो मामाजींचा जेमतेम उजळला होता. जुन्या आठवणी शाबूत आहेत, त्या म्हणाल्या, पण एक गोष्ट करताना दुसरी मनात धरून ठेवणं जड जाईल. मामाजींनी एकच विचारलं, "मंग भिडू बदलवा लागन का?" बाईंना प्रश्न कळला नाही. मला कळला.

त्यानंतर तीन रविवार पत्ते डब्यातच राहिले. चौथ्या रविवारी मामाजींनी मला परसात विहिरीपाशी नेलं. "मले मरणाचं भेव नाई, जवाईबापू. पन त्या दोघायनं मले कीव करून बसवलं त मी कोनाले तोंड दाखवू?" मग इकडेतिकडे पाहून हळूच म्हणाले, "तोंडातली लवंग थुका. मेंढी गेली असन त एकडाव खोकलजा, राहिली असन त दोनडाव."

मी लवंग थुकली. त्या दुपारी मी इतका खोकलो की खरंच घसा बसला. गुरुजींनी पानांवरची नजर न काढता पाण्याचा तांब्या माझ्याकडे सरकवला. "थंडी पडली ना बाप्पा औंदा," शामराव म्हणाला. ओसरीवर तेव्हा ऊन तापलेलं होतं. आम्ही जिंकलो आणि मामाजींनी माझ्या दोन चुकाही काढल्या. शिव्या खाऊन एवढं बरं मला कधीच वाटलं नव्हतं.

महिनाभर असंच चाललं. परवाच्या रविवारी इस्पिकची मेंढी राहिली होती आणि मामाजी बराच वेळ पानांकडे बघत होते. मी दोनदा खोकलो. ते हललेच नाहीत. मी पुन्हा दोनदा खोकलो, जरा मोठ्यानं. गुरुजी आणि शामराव खाली मान घालून बसले. मामाजींनी वर पाहिलं आणि अठरा वर्षांत कधी ऐकला नव्हता अशा मायेच्या आवाजात मला विचारलं,

"लवंग देऊ का, जवाईबापू?"

मी हात पुढे केला.