पाच झपके आणि दोन

नव्वदच्या दशकाच्या अखेरीस, हिवाळ्यातल्या एका शनिवारी, बोईसरच्या माझ्या थोरल्या भावाच्या गॅरेजमधून एक जपानी स्पोर्ट्‌स कार दुरुस्त न होता परत गेली.

गाडी तारापूरच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखानदाराची. वेग धरला की डॅशबोर्डवर इंजिनाचा पिवळा दिवा लागे आणि गाडी जोर सोडून देई. त्याच्या कारखान्याच्या सगळ्या जीप आणि टेम्पो भावाकडे येत. गॅरेज त्यांच्यावरच चाले. ही एक गाडी जमत नसेल तर बाकीच्याही दुसरीकडे पाठवू, असं त्याने सांगून ठेवलं होतं.

दोष ओळखायची रीत भावाला ठाऊक होती. बॉनेटखाली एक छोटी डबी होती. तिच्यातल्या दोन पिना तारेच्या तुकड्याने जोडून चावी फिरवली की तोच दिवा उघडझाप करून कोड सांगे. दोष नसेल तर दिवा एकसारखा लुकलुके. मालक संध्याकाळी गाडी सोडून जाई, भाऊ सकाळी पिना जोडी आणि दिवा एकसारखा लुकलुके. प्लग बदलले, फिल्टर बदलले, पेट्रोलची टाकी उपसली. गाडी घरी जाई आणि दिवा पुन्हा लागे.

शुक्रवारी संध्याकाळी भावाने स्वतः गाडी काढली. मी शेजारी बसलो. किनाऱ्यावरच्या दांडी गावाकडे जाताना मोकळा पट्टा मिळाला, तिथे त्याने गाडी ताणली आणि दिवा लागला. रस्त्याच्या कडेलाच त्याने पिना जोडल्या. पाच झपके, मग थोडं थांबून दोन. बावन्न, म्हणजे इंजिनातली खटखट ओळखणारा नॉक सेन्सर. आम्ही दोघांनी पुन्हा मोजलं. परतताना त्याने बूथवरून मालकाला फोन केला : दोष सापडला, सकाळी या, दाखवतो.

सकाळी मालक आला. भावाने पिना जोडल्या. दिवा एकसारखा लुकलुकला. त्याने तार काढून परत लावली. तेच.

"डॉक्टर," मालक म्हणाला, "तुमच्याकडे मुक्काम केला की पेशंट बरा. घरी नेला की आजारी."

"साहेब, काल या डोल्यांनी पाह्यलंय. पाच आन् दोन."

मग भावाची नजर बॅटरीवर गेली. गॅरेजमध्ये पूर्वी एक टेम्पो शॉर्टसर्किटने जळाला होता. तेव्हापासून शटर ओढण्याआधी प्रत्येक गाडीच्या बॅटरीची एक तार काढून ठेवायची आणि सकाळी लावायची, असा भावाचाच नियम होता. या गाडीच्या कॉम्प्युटरची आठवण बॅटरीवर जगायची. तार निघाली की कोड पुसला जाई. त्याने गॅरेजमधल्या जुन्या मेकॅनिकला विचारलं, रात्री हिचीही तार काढली होतीस का. तो उत्तर प्रदेशचा.

"उस्ताद, आप ही ने तो कहा था, एक भी गाड़ी मत छोड़ना."

भावाने मालकाला सगळं समजावलं आणि दांडीपर्यंत एक फेरी मागितली. मालक तयार झाला. वसाहतीपासून टँकरची रांग लागली होती. पुढे मच्छीचे टेम्पो होते. गाडी एकदाही वेगात गेली नाही आणि दिवा लागला नाही. मालकाने नाक्यावर आम्हाला उतरवलं आणि गाडी तशीच मुंबईकडे नेली.

काही दिवसांनी त्याच्या ड्रायव्हरने सांगितलं की मुंबईच्या गॅरेजमध्ये कोड बावन्न निघाला आणि नॉक सेन्सरची वायर बदलली. तोवर कारखान्याच्या जीप पालघरच्या एका गॅरेजला जाऊ लागल्या होत्या.