झटपट वाढणारे ससे

जगात कुणालाही न पडलेले प्रश्न पदरमोड करून सोडवणारा नवरा माझ्या मावशीच्याच वाट्याला आला. डोंबिवलीतल्या रसायनांच्या कारखान्यात दुसऱ्यांची तेलं तपासण्यात काकांची हयात गेली. निवृत्तीनंतर त्यांना स्वतःचा म्हणून एक तरी शोध लावायचा होता. एवढीच इच्छा होती बिचाऱ्यांची. विषयही निवडला तो असा: सर्वांत भरभर वाढणाऱ्या सशांचीच पिढ्यान्‌पिढ्या पैदास केली, तर त्यांच्या चरबीतली मेदाम्लं बदलतात का?

गच्चीवर पिंजरे आले. कल्याणच्या बाजारातून कोबीचा पाला आला. रविवारी मावशीच्या तराजूत डाळीऐवजी पिल्लं बसू लागली. त्यांची लग्नं जुळवताना काका रूप, रंग, घराणं काही बघत नसत, फक्त वजन. हडकुळी पिल्लं नापास होऊन सोसायटीत वाटली जात. “माझ्या पत्रिकेत ससे आहेत हे कुणी सांगितलंच नाही,” असं मावशी म्हणायची. शेजाऱ्यांचा नातू बालवर्गातच दुसरीची गणितं सोडवतो, हे कौतुक ऐकून काका म्हणाले, “अहो, आमचे ससेही असेच. दिसायला बाप्ये, आतून तान्ही बाळं. वजन पुढे पळतं, वय मागे राहतं. चरबी तपासली की कळेल.” शेजाऱ्यांनी बोलणंच टाकलं.

अखेर गब्दुल जन्मला. पाहता पाहता उशीएवढा झाला. काकांच्या हाताखाली शिकलेली एक मुलगी कोलशेतच्या प्रयोगशाळेत आता साहेब झाली होती. गब्दुलला पिशवीत घालून आम्ही रिक्षाने तिच्याकडे गेलो.

“सर, मांडीचा तुकडा लागेल,” ती चाचरत म्हणाली. “म्हणजे ससा मारायला लागेल ना.”

काकांचा चेहरा पडला. नमुना बाटलीतून येतो, एवढंच त्यांना आयुष्यभर ठाऊक. अंड्याचा केकही न खाणाऱ्या या माणसाने, चरबी कुणाच्या तरी अंगात असते हे लक्षातच घेतलं नव्हतं. पिशवीतून गब्दुलने डोकं काढलं. काकांनी त्याचे कान कुरवाळले.

“नमुना बाद समज. वाटेत फार हलला.”

त्यानंतर तराजूत पुन्हा डाळ आली. वर्षं गेली. काका थकले, गब्दुलही. परवा गेलो तेव्हा दोघं गच्चीवर ऊन खात बसले होते. शोध राहिला याचं मलाच वाईट वाटलं. न राहवून विचारलं, “काका, पुन्हा करायचा का प्रयोग?”

“नको रे,” गब्दुलच्या पाठीवरून हात फिरवत ते म्हणाले. “आत्ता कुठे याचं वय वजनाला गाठतंय. गाठू दे.”