बच्चों को खिलाता हूँ!

चहा निवला तरी चालेल, पण माझी फजिती ऐकल्याबिगर कोणी उठायचं न्हाई!

निजामाच्या राज्यातली गोष्ट. हैद्राबादला कॉलेजात मी फुटबॉल खेळायचो. खेळायचो म्हणजे काय, नुसता वारा! मग गुडघा गेला अन् वारा लातूरला घरी येऊन बसला. म्हटलं, आता आपल्याला खेळता येत न्हाई तर पोरांना खेळवू. वडील भडकले.

"चेंडूला लाथा मारायला शिकवून पोट भरतं व्हय रे? नोकरी बघ, न्हाई तर देगलूरला मामाच्या दुकानात मिरच्या तोलायला बस!"

मिरच्या! मला नुसत्या वासानं शिंका यायच्या हो.

तेवढ्यात कानावर आलं, नांदेडला एका बोर्डिंगच्या शाळेला माणूस पाहिजे. कशाला पाहिजे ते विचारतो कोण? पळालो! हेडमास्तर साहेब उर्दूत बोलणारे अन् माझी उर्दू मैदानावर शिकलेली, तीत निम्म्या शिव्या. म्हणून वाटभर एकच वाक्य घोकलं. खेळणं म्हणजे खेलना, तर खेळवणं म्हणजे खिलाना. सोप्पं!

"क्या काम आता है?" साहेबांनी विचारलं.

"जी, बच्चों को खिलाता हूँ."

साहेबांचा चेहरा असा खुलला म्हणून सांगू! "हमारे पास चालीस बच्चे हैं."

"सबको खिलाऊँगा, हुजूर! रोज! हाथ जोड़ के बस बोलेंगे, तब छोड़ूँगा!"

"माशाअल्लाह! अंदर या बाहर?"

"बाहर, हुजूर. खुले मैदान में."

"अच्छा है, धुआँ नहीं होगा."

धूर? मला वाटलं, धुळीला म्हणत असतील. साहेबांनी जागेवर नोकरी दिली. मी तिथूनच माहूरच्या रेणुकामातेला हात जोडले.

दुसऱ्या दिवशी सकाळी चड्डी घालून, गळ्यात शिट्टी अडकवून हजर! चपराशी गणपत दारातच उभा.

"या मास्तर! चूल पेटवून ठेवली हाय. डाळ किती काढू?"

"कसली डाळ?"

"आता! आमचा आचारी पळाला न्हाई का? साहेब कालपासून सांगून राहिले, लातूरचा लई भारी आचारी गावला म्हणून!"

खिलाना म्हणजे जेवू घालणं, हे तेव्हा माझ्या टाळक्यात शिरलं! समोर चाळीस पोरं ताटं घेऊन बसलेली. खरं बोलावं तर देगलूरच्या मिरच्या. सांगा, तुम्ही काय केलं असतं? मी मुकाट्यानं पळी उचलली.

खिचडी केली. खाली करपलेली, वर कच्ची, मधे काय होतं ते देवालाच ठाऊक. पोरं बिचारी गपगुमान खाऊन उठली. साहेबांनी एक घास घेतला अन् बराच वेळ माझ्या गळ्याकडं बघत राहिले.

"ये सीटी किस लिए?"

मी रडकुंडीला आलो. "हुजूर, मैं... फुटबॉल खिलाता हूँ."

साहेब असे हसले, असे हसले, की ठसकाच लागला. "मियाँ, फुटबॉल ही खिलाओ! खुदा के वास्ते चूल्हे के पास मत जाना!"

दुसरं कोणी असतं तर तिथूनच हाकलून दिलं असतं. या माणसानं नवा आचारी शोधला, मैदान साफ करून दिलं अन् चेंडू खास हैद्राबादहून मागवला. माझं सगळं आयुष्य त्या मैदानावर गेलं, ते त्यांच्या उपकारानं. आजही त्यांची आठवण निघाली की डोळे भरून येतात.

परवा नांदेडच्या बाजारात एक जण भर रस्त्यात पाया पडला. त्याच चाळिसातला, आमच्या टीमचा सगळ्यात चपळ गडी! सोबतच्या आपल्या बायकोला म्हणाला, "हे माझे गुरुजी. मला पळायला यांनी शिकवलं."

माझी छाती फुगली. म्हटलं, "अहो, पोरगं मुळातच चपळ होतं. मी आपली नुसती शिट्टी वाजवली."

"शिट्टीचं न्हाई म्हणून राहिलो, गुरुजी," तो म्हणाला. "तुमची खिचडी खाल्ली त्या दिवशी टमरेल घेऊन जो पळालो, तसा पुन्हा मॅचमध्येबी कधी पळालो न्हाई!"