केनियातला भाकरतुकडा

माझं अक्षर वाईट आहे आणि शुद्धलेखन त्याहून वाईट. चौथीनंतर शाळा सुटली ती सुटलीच. ही वही कुणाच्या हाती लागलीच तर माझ्या ऱ्हस्वदीर्घाला हसू नका. मला चारचौघांत बोलता येत नाही, म्हणून लिहिते.

मी मुखेडकडची. नांदेडला एका मॅडमच्या घरी बारा वर्षं स्वयंपाक केला. मॅडम शाळेत मुख्याध्यापिका. त्यांची एकुलती मुलगी माझ्या हातची भाकरी खाऊन मोठी झाली. मला मावशी म्हणायची. बारावीला तिला डॉक्टरकीसाठी मार्क कमी पडले, तेव्हा एक वर्ष गॅप घेऊन लातूरला क्लास लावायचं ठरलं. पोरगी म्हणाली, "आधी केनियाचे सिंह बघणार, मग पुस्तकाला हात लावणार." तिकडं तंबूत राहून आपलं आपण शिजवायचं होतं, आणि मॅडमला परक्या हातचं सोसत नाही. म्हणून मलाही नेलं. "तू तर घरचीच आहेस," मॅडम म्हणाल्या. त्या एका वाक्यावर मी विमानात बसले.

पहिल्याच दिवशी जिराफ बघितला. काटेरी झाडाचा शेंडा जिभेनं ओरबाडत होता. मी म्हणाले, "आमच्या शेळ्या बाभळीला अशाच लागतात, फक्त मान पुरत न्हाई."

पोरगी खिदळली. "मावशी, तुला इथंबी मुखेडच दिसून राहिलंय!"

तिथल्या वाटाड्यानं आल्या आल्या बजावलं होतं, पोरीनं मला ते मराठीत सांगितलं होतं: खाण्याचा कणसुद्धा तंबूबाहेर टाकायचा नाही. सगळं गाडीमागच्या लोखंडी पेटीत ठेवायचं.

तिसऱ्या दिवशी आमच्या जीपसमोर सिंहिणीनं झेब्रा पाडला. पोरीनं जवळून बघितलं. संध्याकाळी तिच्या अंगात कसकस आली. पडल्या पडल्या दचकत होती.

"दृष्ट लागली हिला," मॅडम म्हणाल्या. "भाकरतुकडा ओवाळून टाक."

"इथं टाकू नका म्हणलेत न्हवं?"

"एवढ्याशा तुकड्यानं काय होतंय? टाक."

पोरगीही पांघरुणातून म्हणाली, "टाक गं मावशी. मला लई भीती वाटून राहिली."

मी भाकरीचा तुकडा तिच्यावरून ओवाळला, तंबूमागं जाऊन टाकला आणि मागं न बघता परत आले. पाय धुतले. पोरगी शांत झोपली.

सकाळी उजाडता उजाडता मी बाहेर चहा टाकत होते. कुत्र्यासारख्या तोंडाची मोठाली माकडं आली. एकाला तुकडा सापडला, मग बाकीची आणखी शोधायला लागली. दोघांनी तंबूचं कापड टराटरा फाडलं. आत पोरगी किंचाळली. मॅडम माकडं बघताच गाडीत जाऊन बसल्या होत्या, त्यांनी दार लावून घेतलं.

लहानपणी मी ज्वारीची पाखरं राखायची. दोरीवर पोरीची ओढणी वाळत होती. ती दुहेरी केली, घडीत धोंडा घातला, गोफणीसारखी फिरवली आणि धोंडा लोखंडी पेटीवर सोडला. धाडकन आवाज झाला. दुसरा धोंडा सोडला तशी सगळी भुंकत झाडीत गेली. पोरगी येऊन मला बिलगली. तिचं काळीज माझ्या छातीवर धडधडत होतं. "मावशी, तू नसतीस तर..." एवढंच म्हणाली.

मग तिथल्या जंगलखात्याचा साहेब आला. तंबूमागं भाकरीचा चुरा पडला होता, तो त्यानं उचलून दाखवला. मॅडम इंग्रजीत बोलल्या. मला इंग्रजी कळत नाही, पण बोट कळतं. त्यांचं बोट माझ्याकडं होतं. पोरगी शेजारीच उभी होती. तिनं माझ्याकडं बघितलं आणि मान खाली घातली.

गाडीत मी विचारलं, "काय सांगितलं मॅडम?"

"बाई अडाणी आहे, गावाकडच्या अंधश्रद्धा करते, असं सांगितलं. तुला कोण ओळखतंय इथं? मी मुख्याध्यापिका आहे."

"पण तुम्हीच म्हणला होता..."

"टाकला कुणी? तूच ना?"

ते खरंच होतं.

दंड आणि फाटलेला तंबू मिळून अठरा हजार झाले. मॅडमनी तेव्हा भरले आणि नांदेडला आल्यावर माझ्या पगारातून महिन्याला दोन हजार कापायला लागल्या. मी काम सोडू शकले असते. सोडलं नाही, कारण पोरगी एक दिवस खरं बोलेल असं मला वाटत होतं. मला एवढंच पाहिजे होतं. ती लातूरहून सुट्टीला यायची, पाहुण्यांना माकडांची गोष्ट रंगवून सांगायची. गोष्टीत माझी गोफण असायची. "टाक गं मावशी" नसायचं. पाहुणे मला म्हणायचे, "काय मावशी, माकडांना जेवायचं आवतन दिलं व्हय?" पोरगीही हसायची. मी आत जाऊन भाकरी थापायची.

नवव्या महिन्यात तिची परीक्षा आली. निघताना मॅडम म्हणाल्या, "हिच्यावरून भाकरतुकडा ओवाळून टाक."

मी ओवाळला. पोरीचं वाईट व्हावं असं माझ्या मनात कधीच आलं नाही. पण तुकडा मॅडमच्या हातात दिला. "टाका तुम्ही. मागं बघू नका."

मॅडम तशाच उभ्या राहिल्या. पोरगी काहीतरी बोलेल म्हणून मी थांबले. ती बॅगेची चेन लावत होती.

त्या महिन्याचा पगार घेऊन मी काम सोडलं. शेवटचे दोन हजार त्यातून कापलेले होते. अठरा हजार पुरे फिटले.