मुकं फ्रायवील

मलेरियामामा सायकलचा कुठलाही भाग विकत घेण्याआधी कानाला लावत. परभणीला स्टेशनच्या रस्त्यावर एका चाचांचं सायकलीच्या सामानाचं दुकान होतं. तिथं काचेच्या कपाटात विलायती आणि जपानी माल फडक्यात गुंडाळून ठेवलेला असे. मामा त्यातलं काही हातात घेत, नखानं टिचकी मारत, डोळे मिटत आणि मडकं पारखणाऱ्या बाईसारखं तोंड करून म्हणत, "बद्द वाजायलंय. दुसरं दाखवा." चाचा कावून जात. "अजी मामा, सायकलपे बैठना है के कव्वाली सुनना है?" मामा शांतपणे म्हणत, "दोनी."

मामा आरोग्य खात्यात मलेरियाच्या कामावर होते. खाकी पिशवीत काचपट्ट्या, सुया आणि गोळ्या घेऊन ते सायकलवरून गावोगाव हिंडत. दारात उभं राहून "थंडीताप हाय का कुनाला?" असं विचारत, बोटातून थेंबभर रक्त घेत आणि भिंतीवर तारीख लिहून पुढं जात. मी आमच्याच गावात शाळेवर होतो. मामा पाथरीकडचे. आमच्या गावात त्यांना खोली मिळाली नाही, म्हणून ते बौद्धवस्तीत आपल्या साडूच्या घरी राहत. खोली का मिळाली नाही, हे मी त्यांना कधी विचारलं नाही. माहीत असलेलं कोण विचारतो? काही घरांत लोक बोट पुढं करत, पण मामांना उंबऱ्याच्या आत येऊ देत नसत. त्यावर मामा हसून म्हणत, "गुर्जी, डासाला काय कळंना बगा. कुनाच्याबी घरात घुसायलंय."

सगळी हौस त्या सायकलवर. बायको लवकर वारली होती, मूलबाळ नव्हतं, विडीकाडीचं व्यसन नव्हतं. पगार झाला की पुढच्या रविवारी आम्ही दोघं सेलूहून पॅसेंजरनं परभणी गाठायचो. एका खेपेला चकचकीत रिमा, एका खेपेला चामड्याचं विलायती सीट. मडगार्ड तर त्यांनी तीन वेळा परत केला. वालूरच्या बाजारात ती सायकल उभी केली की बैल बघायला आलेले लोकही वळून तिच्याभोवती जमत. मामा जरा लांब उभे राहून, आपला काही संबंध नसल्यासारखं बघत. माझी सायकल म्हणजे नुसता खटारा. तिच्याकडं बघून ते म्हणत, "गुर्जी, हिला दवाखान्यात न्या."

पण त्यांचा खरा जीव फ्रायवीलवर. मागच्या चाकाचं ते दातेरी चक्र. पायडल मारायचं थांबवलं, की चाक आपल्या वेगानं पळतं आणि ते टिकटिक वाजतं. चाचांच्या दुकानात त्याच्या दोन जाती होत्या, बोलता माल आणि गुंगा माल. मामा म्हणत, बोलकं आणि मुकं. बोलक्याच्या शोधात त्यांनी वर्षभर दुकान पालथं घातलं आणि शेवटी एक जपानी फ्रायवील मिळवलं. त्याचा आवाज बारीक, सलग, घुंगरासारखा होता. गावातल्या पाराकडचा उतार लागला की मामा पायडल सोडत आणि ताठ बसत. "पायडल मारताना कुनीबी शाना दिसतंय," ते म्हणत. "सोडून दिल्यावर जे वाजतंय, ते खरं."

अठ्ठ्याहत्तर साली विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव झाला आणि मराठवाडा पेटला. आमच्या गावात घर जळलं नाही. याचं गावाला अजून कौतुक आहे. पण दुकानदारानं बौद्धवस्तीला तेलमीठ देणं बंद केलं, आणि कालपर्यंत मामांना अहोजाहो करणारी तोंडं एका आठवड्यात अरेतुरेवर आली. त्यातलं एक तोंड माझ्या सख्ख्या चुलत्याचं होतं.

मी आणि मामा संगं चाललो होतो. मी माझ्या खटाऱ्यावर, ते त्यांच्या सायकलवर. पारावर काका चारपाच जणांत बसलेले. काका म्हणाले, "ए मामा, उतर खाली. हितून चालत जायाचं. लय किरकिर करती तुजी गाडी, मानसाला बोलू देईना." मामांनी एकवार काकांकडं पाहिलं, मग माझ्याकडं. आणि उतरले. सायकल हातात धरून ते पार ओलांडून गेले. मी पायडल मारत पुढं गेलो आणि वळणावर त्यांची वाट बघत थांबलो. ते आले तेव्हा दोघंही डासांच्या अळ्यांविषयी बोललो.

त्या महिन्यात मामा परभणीला निघाले. मीही गेलो. चाचांनी सवयीनं कपाट उघडलं, तर मामा म्हणाले, "गुंगा माल दिखाव." चाचांना वाटलं आपण चुकीचं ऐकलं. मामांनी एकेक फ्रायवील कानाला लावलं, फिरवलं. जरा जरी कुजबुजलं तरी बाजूला ठेवलं. वर्षभर बोलकं शोधणारा माणूस तासभर मुकं शोधत होता, आणि मला त्या दुकानात उभं राहवेना. चाचा हळूच म्हणाले, "मामा, अच्छे खासे की ज़बान कायकू बंद कररे?" मामा म्हणाले, "गावाला त्रास व्हायलाय, चाचा." हे ते मनापासून म्हणत होते. हुशार माणूस, पण काकांचं बोलणं त्यांनी शब्दशः धरलं होतं. आवाज गेला की बसून जाता येईल, एवढीच त्यांना आशा होती.

परतल्यावर नवं फ्रायवील बसवून आम्ही पुन्हा पारावरून निघालो. मामांची सायकल सावलीसारखी चालली होती. काकांनी ती अगदी जवळ आल्यावर पाहिली आणि ओरडले, "आता चोरावानी जायलास व्हय रे? ना आवाज ना काय! उतर!" पारावर हशा पिकला. मामा उतरले. या वेळी त्यांनी माझ्याकडं पाहिलं नाही.

पुढं ते पार चुकवून शेतातल्या वाटेनं जाऊ लागले. चिखलात रिमांची चमक गेली. परभणीची खेप बंद पडली. मी एकदोनदा चला म्हणालो, तर म्हणाले, "आता काय घ्यायचं राह्यलं न्हाई." अर्ज करून त्यांनी गंगाखेडकडं बदली मागून घेतली. ती मिळाली तेव्हा गावात मलाच काय ते वाईट वाटलं. पण ते वाईट वाटणंही मी घरात कुणाला दाखवलं नाही.

एसटीच्या टपावर सायकल दोरीनं बांधून झाली. निरोप घ्यायला मी एकटाच. किती दिवस बोलायचं राहिलेलं मी शेवटी बोललो. "मामा, काकांचं मनावर घेऊ नका. त्यांचा स्वभावच तसा आहे."

मामा पायरीवर थांबले. आवाजात राग नव्हता. "काकाचं न्हाई घेतलं म्या, गुर्जी," ते म्हणाले आणि आत जाऊन बसले.

एसटी धुरळ्यात दिसेनाशी झाली तेव्हा मला ते कळलं. पारावर दोन्ही वेळा मामा खाली उतरले होते आणि मी सायकलवर बसून राहिलो होतो.