उजव्या कोपऱ्याचा गुडघा

उजव्या कोपऱ्यात खेळणाऱ्या एका माणसाचा शेवटचा हंगाम माझ्या बोलण्यामुळे गेला. हे आधीच सांगून टाकतो. कारण कट्ट्याच्या आठवणी सुरू झाल्या की मी त्यांत रमतो, आणि रमता रमता स्वतःची चूक हळूच बाजूला सारतो. बरीच वर्षं मी हेच करत आलो आहे.

अमरावतीत आमच्या भागात कबड्डीचं एक मंडळ आहे. त्याच्या मैदानाला लागून चाचांचं सायकल दुरुस्तीचं दुकान आणि दुकानासमोर सिमेंटचा लांब बाक. तोच आमचा कट्टा. संध्याकाळी मैदानावर पाणी मारलं जाई, मातीवरून झाडू फिरे, चुन्याच्या रेषा पडत, आणि पाच-सहा जण बाकावर येऊन बसत. कोणाच्या तरी हातात दह्यातल्या गिल्या वड्याचा द्रोण असे. आमच्यातला एकही जण मंडळाकडून कधी खेळला नव्हता. मी शाळेत असताना एकदाच चढाईला गेलो होतो आणि रेषेपलीकडे दोन पावलं टाकून घाबरून परत आलो होतो. पण संघ कसा निवडावा हे आमच्याइतकं कोणालाच कळत नाही, याबद्दल आमची खात्री होती.

चित्रकलेचे एक निवृत्त मास्तर होते. ते खिशात खडू ठेवत आणि बाकाच्या पाठीवर सात खेळाडूंच्या जागा काढून दाखवत. चाचांना संघ पटला नाही की ते पंक्चरच्या पाण्यात बुडवलेलं फडकं आणून तो पुसून टाकत.

"मास्तर, तुम्हारे सात में आठ हो गए," चाचा म्हणत. "रेफरी को भी खिला रहे क्या?"

"खेळवतो. तो तरी सेक्रेटरीपेक्षा बरा खेळीन."

"सेक्रेटरीचं नाव नका काढू," कोणीतरी म्हणे. "त्याले फक्त हार घालून घेनं समजते. दोन वर्षांपासून नवा पोट्टा घेतला नाही त्यानं."

गंमत अशी की हे सेक्रेटरी रोज आपल्या स्कूटरमध्ये हवा भरायला चाचांकडे येत. रोज हवा लागावी असं त्या चाकांना काही झालं नव्हतं. ते पंपाजवळ पाठ करून उभे राहत आणि आमचं सगळं ऐकत. दोन-तीन दिवसांनी मंडळाच्या फळ्यावर यादी लागे, तेव्हा तिच्यातली अर्धी नावं कट्ट्यावरचीच असत. आम्हाला ते ठाऊक होतं. आमच्या बोलण्याला वजन होतं, आणि म्हणूनच आम्ही इतकं बोलत होतो.

मी तेव्हा तिशीतला. मामांच्या मेडिकल स्टोअरमध्ये काउंटरवर उभा राहायचो. कट्ट्यावर मला कोणी नावानं हाक मारत नसे, 'मेडिकलवाले' म्हणत. कोणाचा घोटा किती दिवसांत बरा होईल, हे मलाच विचारलं जाई. मामांनी मला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, "दुकानातली गोष्ट दुकानात. कोन काय घेऊन गेला, हे बाहेर बोलाचं नाही." बाकी सगळे नियम मी पाळले.

आता त्या माणसाबद्दल सांगतो. तो चौदा वर्षं मंडळाच्या उजव्या कोपऱ्यात खेळत होता. माझ्यापेक्षा चार-पाच वर्षांनी मोठा, म्हणून मी त्याला भाऊ म्हणायचो. पोटासाठी वेल्डिंगचं काम, खिडक्यांच्या जाळ्या आणि फाटकं. समोरचा चढाईपटू परत फिरला, त्याची पाठ अर्धी वळली, की भाऊ एक पाऊल पुढे येई आणि त्याच्या मांडीला दोन्ही हातांचा विळखा घाली. धावाधाव नाही, आरडाओरड नाही. आम्ही बाकावरून उठेपर्यंत चढाईपटू खाली असे.

दरवर्षी हंगामाच्या शेवटी अकोल्यात मोठे सामने होत. तिथे तो तीनदा अंतिम सामना खेळला आणि तीनदा हरला. त्या वर्षी त्यानं सगळ्यांना सांगून टाकलं होतं की अकोल्याचं मैदान एकदा जिंकायचं आणि थांबायचं. याहून जास्त त्याला खेळाकडून काही नको होतं.

त्याच वर्षी परतवाड्याहून एक एकोणीस वर्षांचा मुलगा सरावाला येऊ लागला. तोही उजव्या कोपऱ्यातलाच. जमिनीला चिकटून घोटा धरायचा. त्याची पकड पाहिली आणि मी त्याच्या खेळाच्या प्रेमात पडलो. अकोल्यात उजव्या कोपऱ्यात कोण, यावर कट्टा दुभंगला. मास्तर आणि मी मुलाच्या बाजूनं, चाचा भाऊच्या बाजूनं.

एका संध्याकाळी वाद तापला. चाचा चाकाचे आरे कसत होते. मान वर न करता म्हणाले, "तजुर्बा तेरे दुकान में नहीं मिलता, मेडिकलवाले."

सगळे हसले. मास्तरसुद्धा. मला ते लागलं, आणि मी म्हणालो, "माह्या दुकानात काय मिळते ते तुमच्या कोपऱ्याले विचारा, चाचा. गुडघ्याच्या गोळ्या, मलम, नी-कॅप. तीन महिने झाले, घेऊन राहिला. गुडघा गेला त्याचा."

हसणं थांबलं. पंपाजवळ सेक्रेटरी उभे होते. त्यांनी पंप खाली ठेवला आणि हवा न भरताच स्कूटर सुरू केली.

मी वाद जिंकलो होतो. दुकानात परत आलो, समोर नी-कॅपची खोकी मापानुसार लावलेली होती, आणि ती पाहून मला आठवलं. भाऊला मी जी नी-कॅप दिली होती ती सर्वांत लहान मापाची होती. "याहून बारीक नाही का?" असंही त्यानं विचारलं होतं. भाऊच्या मांड्या खांबासारख्या. ती नी-कॅप त्याच्या पोटरीवरसुद्धा चढली नसती. म्हणजे औषधं दुसऱ्या कोणासाठी होती. हे मला त्याच संध्याकाळी कळलं होतं. उद्या सांगू, असं मी ठरवलं. दुसऱ्या दिवशी कट्ट्यावर जो तो गुडघ्याबद्दलच बोलत होता. एकाला तर भाऊ लंगडताना दिसला होता. मी गप्प बसलो.

रविवारी सकाळी कमिटी मैदानावर जमली. यादी लागायची होती. भाऊ कामाच्याच कपड्यांत आला, शर्टाला ठिणग्यांची भोकं पडलेली.

"कोन म्हनते माहा गुडघा गेला?"

त्यानं चपला काढल्या आणि बैठका मारायला सुरुवात केली. आम्ही सगळे पाहत होतो. मास्तर पुटपुटत मोजत होते. शंभर झाल्या तरी तो थांबेना. शेवटी सेक्रेटरी म्हणाले, "बस कर. बैठका मारनं वेगळं, अकोल्याचा गडी धरनं वेगळं. तू गोळ्या घेते का नाही, एवढं सांग."

"नेतो. मायसाठी नेतो. तिचे गुडघे गेले."

"आता मायचं नाव पुढं करून राहिला का?"

मग सेक्रेटरी माझ्याकडे वळले. "तू सांग रे. कोनासाठी नेते?"

भाऊनंही माझ्याकडे पाहिलं. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता. उलट जरा सुटका झाल्यासारखा भाव दिसला. आता हा सांगेल आणि विषय मिटेल, असं त्याला वाटलं असावं.

मी म्हणालो, "कोनासाठी नेते ते कोन सांगते, साहेब. येते, घेते, जाते."

यातला शब्दन् शब्द खरा होता. खोटं बोलण्याची ही पद्धत मला कोणी शिकवली नव्हती, ती त्या वेळी आपोआप जमली. माप सांगितलं असतं तर आठवड्याभरापूर्वी मी खोटं बोललो हे सगळ्यांसमोर आलं असतं. तेवढंच टाळायचं होतं मला. भाऊनं चपला घातल्या आणि तो गेला. यादीत उजव्या कोपऱ्यात परतवाड्याच्या मुलाचं नाव लागलं.

आणि अकोल्यात आम्ही जिंकलो.

मुलगा सुरेख खेळला. शेवटच्या मिनिटात एका गुणाची आघाडी असताना त्यानं समोरच्या कप्तानाचा घोटा धरला आणि सोडला नाही. मी ओरडून ओरडून घसा बसवून घेतला. परतीच्या गाडीत चाचा माझ्या शेजारी बसले आणि पाठीवर थाप मारून म्हणाले, "मान गए, मेडिकलवाले." मूर्तिजापूरला गाडी थांबवून सगळ्यांनी चहा घेतला. मास्तरांनी खडूनं गाडीच्या दारावर सात गोल काढले आणि त्यांतल्या एकावर मुकुट. मी आयुष्यात फार वेळा इतका आनंदी झालेलो नाही, हेही खरं आहे. हरलो असतो तर कदाचित कोणी मला जाब विचारला असता. जिंकल्यामुळे माझं खोटं सगळ्यांच्या दृष्टीनं शहाणपण ठरलं.

भाऊ पुन्हा मैदानाकडे फिरकला नाही. औषधं तो आमच्या समोरच्या दुकानातून नेऊ लागला. काउंटरवरून मला तो दिसायचा. वर्षभरात त्यानं घर हलवलं आणि अकोल्याला सासऱ्यांच्या जागेत वर्कशॉप टाकलं, असं कानावर आलं.

या गोष्टीला दहा-अकरा वर्षं झाली. मैदानावर आता मॅट आहे, दिवे आहेत. कट्टा अजून आहे, पण खरी भांडणं व्हॉट्सअॅपवर होतात. परतवाड्याचा तो मुलगा आता तिशीचा झाला आणि यंदा मोर्शीचा एक नवा पोरगा त्याच्या जागेसाठी उभा राहिला. ग्रुपवर कोणीतरी लिहिलं, 'जुन्याचा खांदा गेला. पक्की खबर. मेडिकलवाले, खरं ना?'

मी दुकानात होतो. 'मला काय माहीत' असं टाइप केलं आणि ते शब्द बघत बसलो. मग पुसले. लिहिलं, 'खोटं आहे. तो माझ्याकडे आलेला नाही, आणि आला असता तरी मी सांगितलं नसतं.' दुसऱ्या दिवशी दुकान कामावरच्या मुलावर सोपवून अकोल्याची एसटी धरली.

वर्कशॉप सापडायला वेळ लागला नाही. भाऊ एका फाटकाच्या चौकटीपाशी उकिडवा बसून काम करत होता. त्यानं वेल्डिंगचा मुखवटा वर केला, मला ओळखलं आणि पायानंच एक स्टूल माझ्याकडे सरकवलं.

"बस. चहा घेशील?"

मी बसलो नाही. उभ्यानंच सगळं सांगितलं. नी-कॅप लहान मापाची होती. ते मला त्याच दिवशी आठवलं होतं. सेक्रेटरींनी विचारलं तेव्हाही आठवत होतं. "भाऊ, मले माफ करा," असं म्हणालो.

तो चौकटीच्या सांध्यावर जमलेली मळी हातोडीनं ठोकत राहिला.

"मायनं त्या दिवसापासून गुडघ्याचा पट्टा घातला नाही," तो म्हणाला. "गोळ्या बी सोडल्या. म्हने, माह्या गुडघ्यापाई पोराचा खेळ गेला. मी लय समजावलं. शेवटी शेवटी तिले चालता येत नव्हतं. तीन वर्षं झाली तिले जाऊन."

मला वाटलं होतं की मी एका माणसाचं नुकसान केलं. मी स्टूलवर बसलो.

"अन् हे मले काऊन सांगून राहिला तू?" तो म्हणाला. "मले तं मालूमच होतं. ज्यायले मालूम नाही, त्यायले सांग."

एवढं बोलून त्यानं मुखवटा खाली ओढला. "डोळे मीट," म्हणाला, आणि काम सुरू केलं.

त्यानंतरच्या रविवारी मी कट्ट्यावर गेलो. चाचा होते, आता दुकान त्यांचा मुलगा पाहतो आणि ते नुसते बसतात. मास्तर होते, मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतरचा काळा चष्मा लावून. सेक्रेटरी आता अध्यक्ष झालेत, तेही होते. मोर्शीच्या पोराला खेळवावं की नाही यावर बोलणं चाललं होतं. मी उभा राहिलो आणि मधेच सगळं सांगितलं.

मास्तरांनी चष्मा काढला आणि पुन्हा घातला. अध्यक्ष म्हणाले, "जुनी गोष्ट झाली, यार. अन् आपन जिंकलो तं होतो."

"तो नव्हता त्यात," मी म्हणालो.

चाचांनी सदऱ्याच्या खिशातून फोन काढला, डोळ्यांजवळ धरून बराच वेळ बोटानं काहीतरी शोधलं आणि फोन माझ्या हातात दिला. पलीकडे घंटी वाजत होती. भाऊचा नंबर इतकी वर्षं त्यांच्याकडे होता, हे आम्हाला कोणालाच माहीत नव्हतं.

"स्पीकर पे रख," ते म्हणाले. "सब सुनेंगे."

पलीकडून "हां, चाचा" असा आवाज आला.

"भाऊ, मी मेडिकलवाला," मी म्हणालो. "कट्ट्यावरून बोलतो. सगळे ऐकून राहिले. तुमचा गुडघा कधीच गेला नव्हता. औषध मायचं होतं. ते मले मालूम होतं अन् मी मुद्दाम बोल्लो नाही, माहं खोटं उघडं पडू नये म्हनून. तुमचं अकोला मी घालवलं. तुमची अन् तुमच्या मायची मी या सगळ्यायसमोर माफी मागतो."