गाडीच्या रेडिओतली खरखर

आमचं घर शिरूरला आणि दोघांच्या नोकऱ्या नदीपलीकडच्या तालुक्यात. माझी दौंडच्या एका महाविद्यालयाच्या ग्रंथालयात, बायकोची कुरकुंभच्या औषध कारखान्यातल्या प्रयोगशाळेत. तिची जनरल शिफ्ट असायची, त्यामुळे सकाळी एकाच गाडीने निघायचो. तिला कुरकुंभला उतरवून मी दौंडला वळायचो. गाडी पेट्रोलवरची, सेकंडहँड घेतलेली. तिच्यातल्या रेडिओवर मिडियम वेव्ह लागायचं. हल्लीच्या गाड्यांत ते सहसा नसतं. बायकोने गाडी पसंत केली ती त्यासाठीच.

तिचं माहेर निमोण्याचं. ती लहान असताना पुण्याच्या रेडिओ केंद्रातली माणसं गावात आली होती आणि बौद्ध वस्तीतल्या बायकांच्या जात्यावरच्या ओव्या त्यांनी टेपवर घेतल्या होत्या. गाणाऱ्यांमध्ये तिची आई होती. बाहेर कोंबड्या आणि पोरं आवाज करतात म्हणून जातं उचलून शाळेच्या खोलीत नेलं होतं. बायकांना बांगड्या कोपरापर्यंत मागे सारायला सांगितलं होतं. आईच्या हातात मात्र चांदीचं कडं होतं आणि ते काही मागे सरेना. जात्याच्या प्रत्येक फेऱ्याला ते लाकडी खुंट्यावर आपटायचं. टेपवाल्याने दोनदा थांबवलं आणि शेवटी, "वाजू द्या मावशी," म्हणाला. हे सगळं मला तिच्या तोंडून इतक्या वेळा ऐकून माहीत, की मीच त्या खोलीच्या दारात उभा होतो असं वाटतं. प्रत्यक्षात तिच्या आईला मी पाहिलेलंही नाही. आमच्या लग्नाच्या आधीच त्या गेल्या. घरात त्यांचा एक फोटो होता. आवाज म्हणून जगात काही उरलं असेल, तर त्या टेपवर.

केंद्रावर सकाळच्या बातम्यांनंतर लोकगीतं लागतात. त्यात अधूनमधून अशा जुन्या ओव्या येतात. तिने एकदा फोन करून विचारलं होतं. टेपवर गावाचं नाव असतं, बायकांची नसतात, आणि कुठली टेप कधी लागेल हे आधी सांगता येत नाही, असं उत्तर मिळालं. मग रोज ऐकत राहणं एवढंच तिच्या हातात होतं. ती वेळ आमची गाडीतली. मोबाइलवर ऐकून पाहिलं, पण नदीच्या अलीकडे रेंज येते-जाते, आणि गाणं एकाच शब्दावर अडकून बसायचं. राहिला गाडीचा रेडिओ, आणि त्यात खरखर.

खरखर एका जातीची नव्हती. इंजिन चालू असलं की टकटक यायची, ॲक्सिलरेटर दाबला की ती भरभर व्हायची. दिवे लावले की एक बारीक शिटी चढायची. आणि या सगळ्याखाली एक सलग घरघर, कुणीतरी कानाशी पत्रा घासत असल्यासारखी.

शिरूरच्या बायपासजवळ एक ऑटो-इलेक्ट्रिशियन आहे. गाडी त्याच्याकडे न्यायचं ठरलं, त्याच्या आदल्या संध्याकाळी बायकोने डॅशबोर्डवरची बुद्धमूर्ती काढून घेतली. ही मूर्ती तिनेच नागपूरहून आणली होती. वीतभरही नसेल, पांढरी, पाठीमागे निळसर प्रभावळ. प्रभावळीतले बारीक दिवे लावायला एक वायर होती, ती सिगारेट लायटरच्या सॉकेटमध्ये खोचायची. सकाळी गाडीत बसल्यावर ती आधी ती वायर खोचायची, हात जोडायची, मग पट्टा लावायची. पण गॅरेजमध्ये मूर्ती ठेवायची तिची तयारी नसायची. "तिथे लोक डॅशबोर्डवर पाने-पकडी ठेवतात, चहाचे कप ठेवतात, कुणी खाली वाकलं की पाय वर येतात," असं म्हणून ती वायरीसकट मूर्ती ओढणीत गुंडाळून घरात नेऊन ठेवायची. मलाही ते योग्यच वाटायचं.

इलेक्ट्रिशियनने पहिल्या खेपेला पुष्कळ काम केलं. एरियल काढून रेडिओ लावला, तर सगळा आवाज बंद. म्हणाला, "बघा सर, ह्यो आवाज वायरीतनं येत न्हाई, हवेतनं एरियलमदी शिरतोय." मग त्याने रेझिस्टरवाले स्पार्क प्लग घातले. टकटक गेली. अल्टरनेटरला एक छोटा कंडेन्सर लावला. शिटी गेली. टपावरच्या एरियलच्या बुडाशी गंज धरला होता, तो खरवडून अर्थिंग नीट केलं. बॉनेटपासून बॉडीला तांब्याची पट्टी जोडली. आम्ही दोघं त्याच्याबरोबर गावातून चक्कर मारून आलो. रेडिओ स्वच्छ होता. निवेदकाने श्वास घेतलेलाही ऐकू येत होता.

दुसऱ्या दिवशी शिरूर सुटल्यावर, न्हावऱ्याच्या वाटेला, बातम्यांसाठी रेडिओ लावला आणि घरघर सुरू झाली. टकटक नव्हती, शिटी नव्हती, पण घरघर होती.

पुन्हा गाडी नेली. पुन्हा रेडिओ स्वच्छ.

"आवाज कुठं हाय सर? मला तर न्हाई येत."

"काल जाता-येता सगळ्या वाटेने होता हो," बायको म्हणाली.

"मॅडम, तुमच्या गाडीला माझा धाक हाय. हितं आली की गप बसती."

"मग तुमचाच फोटो लावते डॅशबोर्डवर."

तो मनापासून हसला. आम्हीही हसलो. तिसऱ्या खेपेला तर त्याने लांबूनच हात वर केले, "आली का नाटकी बया!" त्याने रेडिओ काढून पाहिला, मागच्या वायरी बदलल्या, आणि आवाज कुठला हे न कळल्यामुळे तो बिचारा आमच्याइतकाच खट्टू झाला.

मग आम्ही आपसात तर्क लढवायला लागलो. गावात आवाज येत नाही, रस्त्यावर येतो, म्हणजे दोष रस्त्याचा. मी म्हणायचो, शेतांवरून गेलेल्या उच्च दाबाच्या तारा. ती म्हणायची, तारा काय सलग आपल्या डोक्यावर आहेत का, हवेतला दमटपणा असेल, ऊस केवढा आहे दोन्हीकडे. मी ग्रंथालयातून रेडिओवरची दोन पुस्तकं आणून वाचली. त्यात इंजिनाचे, तारांचे, विजेच्या कडकडाटाचे आवाज होते. डॅशबोर्डवरच्या दिव्याबद्दल काही नव्हतं, कारण ती लिहिली गेली तेव्हा असे दिवेच नव्हते.

एका सकाळी, निमोण्याचा फाटा मागे पडल्यावर थोड्याच वेळाने, घरघरीच्या आतून बायकांचा आवाज आला. जात्याची घसर होती की रेडिओची, ते कळत नव्हतं. तिने माझ्या हातावर हात मारला.

"थांबवा. अहो, थांबवा गाडी!"

मी थांबवली, पण बाजूला घ्यायला जागा नव्हती. मागे उसाचा ट्रॅक्टर, दोन ट्रॉल्या जोडलेला. मी इंजिन बंद केलं, किल्ली रेडिओपुरती ठेवली. घरघर तेवढीच राहिली. ती स्पीकरला कान लावून वाकली. मागून हॉर्न. मग ड्रायव्हर खाली उतरून खिडकीशी आला.

"ओ काका, रोड काय सासऱ्याचा हाय का?"

मी त्याला हाताने थांब म्हणत होतो. तो आत डोकावला. बाई स्पीकरला कान लावून बसलेली पाहून त्याला काय वाटलं कोण जाणे, एकदम आवाज उतरवून म्हणाला, "काय झालं? वारलं का कुणी?"

तोवर ओवी संपली होती. निवेदिकेने गावाचं नाव सांगितलं ते हॉर्नमध्ये गेलं.

गाडी पुढे घेतल्यावर तिने रेडिओ बंद केला. मग म्हणाली, "आईच होती का हो?"

"मला कसं कळणार?"

"कडं वाजल्यासारखं वाटलं. पण सगळंच वाजत होतं." आणि पुलावर आल्यावर, डोळे पुसता पुसता हसत, "त्याला सांगायला हवं होतं तुम्ही. हो, सासऱ्याचाच आहे रोड."

त्यानंतर ती आणखीच कान देऊन ऐकायला लागली. सकाळी आधी मूर्तीची वायर खोचायची, हात जोडायची, मग गाव सुटलं की रेडिओ लावायची. मला आज सारखं आठवतं ते तिच्या हातांचं हे रोजचं काम. दोन्ही गोष्टी ती एकाच भक्तीने करायची.

ती गेली ती अचानक. कामावरच छातीत दुखायला लागलं. दौंडच्या दवाखान्यात मी पोचलो तेव्हा सगळं संपलेलं होतं. जलदान विधीच्या दिवशी घरात तिच्या फोटोशेजारी ठेवायला मी गाडीतली मूर्ती वायरीसकट आणली. तिच्या हातची ती वस्तू तिथे असावी, एवढंच मनात होतं.

पुन्हा कामावर जायला लागलो. रेडिओ लावायचं धैर्य बरेच दिवस झालं नाही. एका सकाळी शांतता असह्य झाली म्हणून लावला. न्हावरं गेलं, पूल गेला, चौफुला आला, घरघर नाही. मला वाटलं, इलेक्ट्रिशियनच्या शेवटच्या वायरी उशिरा का होईना लागू पडल्या. गाडीत एकटा होतो, तरी बाजूच्या सीटकडे वळून "अगं, ऐक" म्हणालो.

पुढच्या पौर्णिमेला वाटलं, मूर्ती तिच्या जागी गाडीतच असू द्यावी. सकाळी ती डॅशबोर्डवर ठेवली, वायर खोचली, हात जोडले, रेडिओ लावला. पत्रा घासल्यासारखी घरघर गाडीभर झाली. वायर उपसली. बंद. खोचली. सुरू. शिरूरमधून बाहेरही पडलो नव्हतो. मी गाडी कडेला घेतली आणि बसून राहिलो.

गॅरेजमध्ये जाऊन सांगितलं. इलेक्ट्रिशियनला ती गेल्याचं माहीत होतं. त्याने वायर हातात घेतली, सॉकेटमध्ये जाणारं टोक उघडून आतली छोटी सर्किटची चकती पाहिली. "हलकं हाय. ह्याच्यातनंच रेडिओला आवाज जातोय." मग म्हणाला, "पन हितं कवाच दिसली न्हाई मला ही."

"गाडी गॅरेजला आणताना ती मूर्ती काढून ठेवायची."

"का?"

मी कारण सांगितलं. त्याने डॅशबोर्डवर ठेवलेला आपला पाना उचलला आणि खिशात घातला. मग कुठल्यातरी जुन्या चार्जरच्या वायरीवरचा, असला आवाज अडवणारा काळा छल्ला शोधून काढला, मूर्तीची वायर त्यातून दोन वेढे देऊन नेली, सॉकेटचं टोक बदललं, आणि एरियलची वायर तिच्यापासून लांबून वळवली. चहा येऊन निवायच्या आत काम झालं. प्रभावळ लागली होती आणि रेडिओ स्वच्छ होता. दोन्ही एका वेळी. तो पैसे घेईना. म्हणाला, "मॅडम असत्या तर बोलल्या असत्या मला चांगलंच."



या गोष्टीला काही महिने झाले. मागच्या आठवड्यात फाट्याच्या पुढे जात्यावरच्या ओव्या लागल्या. मी इंडिकेटर देऊन एका वस्तीच्या रस्त्याच्या तोंडाशी गाडी घेतली, इंजिन बंद केलं. तशी आता गरज नव्हती. जात्याची घसर वेगळी ऐकू येत होती, बायकांचे आवाज वेगळे. एक बाई ओवी उचलत होती, बाकीच्या मागून येत होत्या. भाऊ दारात आल्याची ओवी होती. आणि प्रत्येक फेऱ्याला, एकाच जागी, एक टक् असा आवाज होता.

तो कड्याचा असेल. जात्याचा खुंटा ढिला असला तरी तसाच वाजत असेल. ओवी उचलणारा आवाज जरा घोगरा होता, आणि "दादा" म्हणताना किंचित वर जात होता. मी बायकोचा आवाज त्यात शोधत राहिलो. सापडल्यासारखा वाटायचा, पुन्हा जायचा. शेवटी निवेदिकेने स्पष्ट सांगितलं, निमोणे आणि परिसरातल्या महिला. परिसर म्हणजे किती गावं, कुणास ठाऊक.

निमोण्याच्या त्या गाणाऱ्या बायकांपैकी आता कुणी हयात नाही. तो आवाज ऐकून हो किंवा नाही म्हणणारं एकच माणूस होतं. पुढचं गाणं सुरू झालं, ढोलकीचं. मी ते संपेपर्यंत थांबलो, मग किल्ली फिरवली.